देवाजीचा डावा पाय

देवाजी माझा लहाना भाऊ होये. सख्खा, एका मायच्या पोटचा. आमच्यात बारा वर्साचं अंतर. मधातली दोघं गेली, म्हणून तो माझ्या कडेवरच वाढला असं समजा. त्याची गोष्ट सांगाची म्हणजे पहिले थोडी माझी सांगा लागन, कारण तो जे काही झाला ते माझ्यामुळं झाला. लोक म्हणतात, नत्थू लय फुगते. म्हणू द्या. फुगासारखं केलं म्हणून फुगतो.

मी चौथी शिकलो. नागपूरच्या संत्रा मार्केटात गणपतरावाच्या आडतीवर लागलो तेव्हा मले मिसरूड नव्हतं. गणपतराव मोठा दलाल. त्याच्यापाशी काळी बुलेट होती, पण त्याचं पोट टाकीले लागे, म्हणून तो स्वतः रिक्षानं फिरे अन् बागा पाहाले, निरोप पोचवाले मले बुलेटवर धाडे. काटोलच्या बागा म्हणा, खाप्याच्या बागा म्हणा, सारे रस्ते माझ्या चाकाखालचे. आमच्या इंदोरा वस्तीत बुलेटवर बसणारा तेव्हा मी एकटा. फट-फट आवाज आला का बाया पोरायले रस्त्यावरून ओढत, म्हणत, "सरका, नत्थूभाऊ आला." सोळा वर्स चालवली ती गाडी. एकडाव नाही पडलो. एकडाव नाही. हे ध्यानात ठेवा.

छप्पन सालच्या दसऱ्याले दीक्षा झाली तेव्हा मी पंधरा वर्साचा. देवाजी तीन वर्साचा, माझ्या खांद्यावर. दिवसभर मी त्याले खाली उतरवलं नाही. घरी आल्यावर बापानं देव्हाऱ्यातले देव, आमच्या गळ्यातले ताईत, हातातले गंडे, दारावरची काळी बाहुली, सारं एका टोपल्यात भरलं अन् नाग नदीत सोडून आला. हात धुतले अन् म्हणे, "आता जे होईन ते आपल्या हातानं होईन अन् आपल्या पायानं होईन. दोष द्याले देव नाही राहिला." तो माणूस पाच वर्सानं गेला, पण ते बोलणं घरात राहिलं. तवापासून आमच्या दाराले लिंबू नाही का मिरची नाही.

देवाजीले मी शिकवलं. मॅट्रिक केलं. आमच्या गल्लीतला तो दुसरा मॅट्रिक. पहिला कोण ते सांगून काही फायदा नाही, तो पुढं काही झाला नाही.

अन् गाडी चालवालेबी मीच शिकवलं. एकाहत्तर सालची गोष्ट. ऐतवारी गणपतरावाची बुलेट माझ्यापाशी राहे. मी देवाजीले कस्तुरचंद पार्कच्या मैदानात नेलं, त्याले समोर बसवलं अन् मी मागं बसलो. हातात संत्र्याच्या पेटीची पट्टी. आता ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, बुलेटचा ब्रेक डाव्या पायाले राहे अन् गिअर उजव्या पायाले. मी म्हटलं, "देवाजी, पाय विचार करत नसते. विचार करणारा पाय मेला. मी 'बैल' म्हणून वरडलो का डावा पाय खाली गेला पाहिजे. नाही गेला का ही पट्टी."

"दादा, पण बैल कुठं आहे?"

"जेव्हा येईन तेव्हा तो सांगून येईन काय? चाल."

दोन महिने तेच. "बैल!" अन् डावा पाय. "बैल!" अन् डावा पाय. त्याच्या डाव्या पोटरीवर निळे वळ पडले. घरीबी मी सोडलं नाही. तो जेवाले बसला, घास तोंडात गेला का मी वरडलो, "बैल!" अन् पाटाखाली त्याचा डावा पाय जमीन दाबे. माय म्हणे, "अरे, त्याले जेऊ त दे. बैल बैल काय लावलं घरात!" पण दोन महिन्यानं पाय असा तयार झाला का पोट्टा दुपारी खाटेवर झोपला असन अन् मी कानापाशी हळूच म्हटलं, त डावा पाय टणकन हाले. मी संत्रा मार्केटात सगळ्यायले सांगे, असा शिकवणारा नागपुरात दुसरा नाही. गणपतरावबी मान हालवे.

देवाजी बुलेटवरून कधी पडला नाही. तेबी ध्यानात ठेवा.

अठ्ठ्याहत्तर साली तो लस टोचाच्या कामावर लागला. सरकारी नोकरी. मी पेढे वाटले, अर्धे गल्लीत अन् अर्धे मार्केटात. सालभर तो सायकलनं जवळपासच्या वस्त्या करे. मंग हापिसानं त्याच्याकडं खाप्याकडली, कन्हान नदीच्या अंगाची गावं देल्ली अन् गाडी देल्ली. लाल राजदूत, टाकीवर सरकारी आकडा. सकाळी हापिसातून बर्फ घ्याचा, मोठ्या थर्मासात बर्फ अन् बर्फात लशीच्या शिशा, थर्मास मागच्या कॅरिअरले दोरीनं बांधाचा अन् निघाचं. बर्फ वितळाच्या आत गावात पोचलं पाहिजे, नाही त लस फुकट. ज्या गावात माझ्या बापाले वरतून ओंजळीत पाणी वाढत, त्या गावात आता पाटलाच्या घरच्या सुना लेकरं कडेवर घेऊन माझ्या भावाची वाट पाहत. देवाजी मले सांगे, "दादा, एक बाई म्हणे, तुमची गाडी आयकू आली का आमचे पोट्टे कोठीमागं लपतात." अन् हासे. मी हासत नव्हतो. मले त्याच्यात काही वेगळंच दिसे.

राजदूतचा ब्रेक उजव्या पायाले अन् गिअर डाव्याले. बुलेटच्या बरोबर उलटं. हे मले माहीत नव्हतं काय? माहीत होतं. देवाजीले म्हटलंबी मी, "उलटं आहे, पाहून घेजो." तो म्हणे, "हो दादा." आठ दिवसात तो मस्त चालवाले लागला. गिअर बरोबर, ब्रेक बरोबर. मी म्हटलं, शिकलेल्या माणसाले काय डावं अन् काय उजवं.

मंग तो पडला.

पहिल्यांदा सावनेरच्या रस्त्यावर. बकरी आडवी आली. बकरी वाचली, थर्मास फुटला, देवाजीचं कोपर सोललं. मी बुलेट घेऊन गेलो, त्याचं वाकडं झालेलं हँडल दोन पायात धरून सरळ केलं, त्याले उठवलं. म्हटलं, "गाडीवाला एकडाव पडतेच. आता फिटलं." खरंबी होतं ते. त्याच्या हापिसातले सारे पडलेले. कोणी गिट्टीवर घसरलेला, कोणी गाडी स्टँडवर लावता लावता स्वतःच्या अंगावर पाडून घेतलेली. त्याच्यासोबतचा भैयाजी त एका लग्नात वरातीसमोर उभ्या उभ्या पडला होता, अन् ते स्वतःच हासून सांगे. माणसं लहानपणीचा मार जसा सांगतात तसं गाडीवाले पडणं सांगतात.

पण दुसऱ्यांदा महिन्याभरात. खाप्याच्या उताराले, वावरातून बैलबंडी निघाली अन् हा बंडीच्या चाकाखाली जाता जाता वाचला. पुन्हा थर्मास. पुन्हा मी. पुन्हा हळद-तेल. चार गावचे लोक लेकरं घेऊन दिवसभर बसले अन् संध्याकाळी शिव्या देत घरी गेले.

तिसऱ्यांदा कामठी रोडवर, अन् तेव्हा मागं सुभद्रा होती. देवाजीची बायको. चुलतसासऱ्याकडं चालले होते दोघं. कुत्रं आलं. सुभद्राचं मनगट मोडलं. दीड महिना पलस्तरात हात. त्या दिवसापासून ती गाडीवर बसली नाही. देवाजी म्हणे, "चाल, सोडून देतो," त ती म्हणे, "तुम्ही व्हा समोर, मी रिक्षानं येते." भांडली नाही, रडली नाही. बस, बसली नाही.

मी थकलो होतो हो. खरं सांगतो. दर दोन महिन्याले कोणीतरी सायकलवाला मार्केटात येऊन म्हणे, "नत्थूभाऊ, तुमचा भाऊ पडून आहे तिकडं," अन् सारे हमाल माझ्याकडं पाहत. गणपतराव म्हणे, "काहून गा नत्थू, तू त म्हणे, तू शिकवला!" मी म्हणो, "गाडी खराब आहे." दुसरं काय म्हणू? पंचर नाही, ब्रेकची पट्टी नवी, दोन मिस्त्र्यांनी पाहिली, कोणाले काही सापडे ना. सरळ रस्त्यावर देवाजीसारखा चालवणारा नव्हता. अन् काही आडवं आलं का भुईसपाट.

तिसऱ्या पडण्यानंतर मी स्वतः त्याच्या हापिसात गेलो. साहेब डॉक्टर होते, पांढरे केस, हळू बोलणारे. मी बसलो नाही, उभा राहूनच म्हटलं, "साहेब, माझा भाऊ पडणाऱ्यातला नाही. त्याले मी शिकवला. सोळा वर्स बुलेट चालवून राहिलो, अंगावर एक खरचटा नाही, पाहून घ्या. गाडी बदलून द्या त्याले."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "गाडी बदलून माणूस पडायचा थांबत असेल तर मी आजच बदलतो. पण ह्याच गाडीवर आधीची तीन वर्षं दुसरा होता, तो नाही पडला. मला देवाजी हवेत. त्यांच्या हातानं टोचलं तर मुलं कमी रडतात. पण दोन थर्मास आणि एक मनगट झालं, आणि चौथ्या वेळी डोकं फुटेल. सोमवारी सकाळी आठ वाजता मागच्या मैदानात ते चालवून दाखवतील. मी मध्येच काहीतरी आडवं टाकेन. थांबले तर गाडी त्यांची. पडले तर गाडी भैयाजीची, आणि देवाजी ऑफिसात रजिस्टर लिहितील."

भैयाजी तिथंच खिडकीपाशी होता. वाईट माणूस नव्हता तो, पण जिभेले हाड नव्हतं. म्हणे, "नत्थूभाऊ, येवढं कशाले? एक लिंबू बांधा हँडलले. तुमच्यात चालत नसन त आमच्याकडून बांधून घ्या, आम्ही सांगणार नाही कोणाले."

मी म्हटलं, "भैयाजी, तुमच्या घरच्या गाडीले लिंबू आहे ना?"

"आहे ना."

"मंग वरातीत लिंबू पडलं होतं का तुम्ही?"

सारं हापिस हासलं. मी बाहेर आलो. पण सायकलवर बसल्यावर मले काही हासू आलं नाही. देवाजीले रजिस्टर लिहाले बसवतील. तिकडं कोठीमागं लपणाऱ्या पोट्ट्यायले भैयाजी टोचन. अन् मार्केटात सारे म्हणतील, नत्थूचा भाऊ, ज्याले गाडी सांभाळता आली नाही.

ऐतवारी देवाजीनं गाडी घरी आणली होती. दुपारी जेवणं झाली. तो ओट्यावर बसून गाडी पुसून राहिला होता. मले राहवलं नाही. म्हटलं, "दे इकडं. मी पाहतो हिच्यात काय खोट आहे."

"दादा, राहू दे."

"काहून? मी काय भैयाजी आहो?"

"राहू दे म्हणतो ना. तुले सवय नाही तिची."

मले. सवय नाही. गल्लीतले चार-सहा जण गोळा झालेच होते. मी लुंगी खोचली, किक मारली, पहिला, दुसरा, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, वळलो, तिसरा टाकला. मस्त. मी वरडून म्हटलं, "पाहा, काही खोट नाही, चालवणारा पाहिजे!" अन् तेव्हाच इंदूबाईची शेळी, आमच्या शेजारची, हापशीच्या मागून निघाली.

मले आजबी तो क्षण दिसते. मी काही ठरवलं नाही. माझा डावा पाय आपोआप खाली गेला, जोरानं, सोळा वर्साच्या जोरानं. पण तिथं ब्रेक नव्हता, गिअर होता. गाडीनं झटका खाल्ला अन् थांबाच्या ऐवजी समोर गेली. मी अजून जोरानं दाबलं, डाव्यानंच. मंग हापशीचा चबुतरा आला, मंग आभाळ, मंग गटार.

शेळी उभी राहून पाहत होती.

"नत्थूभाऊ पडला!" पोट्टे नाचाले लागले. "नत्थूभाऊ पडला!" इंदूबाई म्हणे, "अवं माय, माझी शेळी!" एकानं मले नाही उचललं, सारे हासून राहिले. मी गटारातूनच म्हटलं, "क्लचचा वायर ढिला आहे हिचा. तरी म्हटलं."

देवाजी आला. त्यानं गाडी नाही उचलली, पहिले मले उचललं. अन् तो हासला नाही. तो माझ्या डाव्या पायाकडं पाहत होता. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं अन् मले समजलं. अन् हेबी समजलं का त्याले हे आजच समजलं नाही.

घरात मायनं माझा गुडघा धुतला. सुभद्रानं हळद-तेल गरम करून आणलं. मी भिंतीले टेकून बसलो. मंग मीच म्हटलं, "कधीपासून माहीत आहे तुले?"

"काय?"

"डाव्या पायाचं."

देवाजी खाली पाहत म्हणे, "पहिल्या बकरीपासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू दादा? कोणाले सांगू? तू साऱ्या मार्केटात सांगत फिरतो, देवाजीले मी शिकवला. मी साहेबाले सांगू का, माझ्या भावानं शिकवलं म्हणून मी पडून राहिलो? बुलेटवर त तुझं शिकवणं बरोबरच होतं. मी आपला रिकाम्या रस्त्यावर एकटा एकटा करून पाहे. तोंडानं 'बैल' म्हणो अन् उजवा पाय दाबो. बरोबर जमे. पण खरं जनावर आलं का पाय माझं आयकत नाही, तुझं आयकते."

सुभद्रानं तेलाची वाटी खाली ठेवली. ती आपलं मोडून जुळलेलं मनगट चोळत होती.

मले कोणी भर बाजारात मारलं असतं तरी चाललं असतं. तीन पडणी, दोन थर्मास, एक मनगट, अन् हा पोट्टा माझं नाव खाली पडू नये म्हणून स्वतः पडत राहिला.

माझी माय, पार्वतीबाई, अख्खी जवानी दुसऱ्याच्या वावरात राबलेली. तिले बुलेट-राजदूत काही समजत नाही. तिनं सारं आयकलं अन् म्हणे, "मंग याच्यात येवढं काय रडून राहिले? डाव्या अंगचा बैल उजव्या अंगाले जुपला त काय होते? तो जुवाखालून निसटते नाही त खाली बसते. बैलाची चूक आहे काय त्याच्यात? त्याले कोणी मारत नसते."

"मंग काय करतात माय?"

"आमच्या गावात त्याच्या नव्या अंगच्या पायाले चिंधी बांधत. पायाले काही ना काही लागत राहिलं का जनावराचं ध्यान त्या पायात राह्यते. अन् रिकामंच फिरवा लागते त्याले आठ-पंधरा दिवस, माराचं नाही. मंग चालते."

"आठ-पंधरा दिवस कुठचे? उद्या सकाळी आहे."

"त मंग आज बांध." माय उठली, आपल्या जुन्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडला अन् देवाजीच्या उजव्या पायाले, घोट्याच्या वर, गच्च गाठ मारली.

देवाजी म्हणे, "माय, हे गंडा त नोहे ना? बाबानं टोपल्यात नेलं होतं सारं."

"गंडा मंतरलेला राह्यते रे. हे माझ्या लुगड्याची चिंधी होये. याच्यात कोणता देव घुसून राहिला? ध्यान ठेव म्हणते, बस."

चार वाजल्यापासून दिवस बुडेपर्यंत आम्ही मैदानात होतो. तेच कस्तुरचंद पार्क. तो समोर, मी मागं, गुडघा ठणकत. पट्टी नाही नेली. मी वरडे, "बैल!" अन् तो उजवा दाबे. कधी डावा जाये अन् गाडी झटका खाये. मी काही नाही म्हणो, फक्त त्याच्या उजव्या मांडीवर हात ठेवो. मंग मी वरडणं बंद केलं, अन् सुभद्रा, जी मैदानाच्या काठी उभी होती, तिनं आपली चप्पल समोर फेकाले सुरुवात केली, न सांगता. चपलेनं खरं काम केलं. पहिले दहात चार जमले. मंग पाच. दिवस बुडता बुडता दहात सात.

मी म्हटलं, "चला, सात म्हणजे पास होये."

सुभद्रा चप्पल झटकत म्हणे, "अन् भाऊजी, तीन डाव पडाचंच ना?"

त्या रात्री देवाजी चिंधी न सोडताच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातले देवाजीनं गाडी काढली. मी सायकल काढली. तेवढ्यात सुभद्रा लुगडं सावरत बाहेर आली अन् राजदूतवर मागं बसली. दोन महिन्यानं. देवाजीनं मागं वळून पाहिलं, त ती म्हणे, "पाहता काय? रस्त्यात काही आलं त मी वरडीन, 'उजवा'. चाला."

मी मैदानात पोचलो तेव्हा सारं हापिस उभं होतं. साहेब छत्री टेकून. भैयाजी चहाचा ग्लास घेऊन. सुभद्रा भिंतीपाशी. देवाजीनं पॅन्टचा पाय दोन घड्या वर केला, चिंधी पायडलमधे अडकू नये म्हणून, अन् भैयाजीच्या नजरेत ते आलं.

"आरे वा देवाजी! बांधलं ना अखेर! मी म्हणतच होतो. हँडलले नाही त पायाले, पण बांधलं!"

सारे पाहाले लागले. साहेब जवळ आले, वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे काय, देवाजी? गावात तुम्ही सांगता, गंडा सोडा, लस घ्या. आणि आज पायाला हे?"

देवाजी काही बोले ना. बोलला असता त माझं नाव आलं असतं. तो खाली वाकला अन् गाठ सोडाले लागला. मले समजत होतं, ती गाठ सुटली का पुन्हा डावाच पाय जाईन. मायची गाठ, ओली करून मारलेली, लवकर सुटे ना.

दोन गोष्टी एकाच वेळी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी गप्प राहिलो असतो त माझ्या बापाच्या घरानं लिंबाले हात जोडले असं साऱ्या हापिसानं मानलं असतं. अन् बोललो असतो त सोळा वर्स मिरवलेला नत्थूभाऊ संपला. देवाजीची दोन बोटं गाठीत गेली होती.

मी म्हटलं, "सोडू नको. साहेब, तो गंडा नोहे. ते माझी चूक होये."

"तुमची?"

"मी त्याले बुलेटवर शिकवलं. बुलेटचा ब्रेक डाव्या पायाले. पेटीच्या पट्टीनं मारून मारून त्याचा डावा पाय तयार केला. म्हणून हिच्यावर काही आडवं आलं का त्याचा डावा पाय जाते. गाडीची खोट नाही, त्याची खोट नाही. त्याले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण माझं नाव जाईन म्हणून बोलला नाही. ती चिंधी आमच्या मायच्या लुगड्याची होये, उजव्या पायाचं ध्यान राहावं म्हणून बांधली. वावरात बैलाले बांधतात तशी. बस येवढंच."

साहेब माझ्याकडं पाहत राहिले. त्यायच्यासमोर आठ दिवसापयले मी काय काय म्हटलं होतं, ते त्यायले आठवून राहिलं असन. पण ते त्याच्याबद्दल काही बोलले नाही. देवाजीले म्हणाले, "राहू द्या ती. चालवा."

देवाजीनं एक चक्कर मारली. दुसरी मारली. तिसऱ्या चकरीले साहेबांनी छत्री उचलली अन् भिंतीमागून शिपायानं सायकलचा जुना टायर सोडला. टायर उड्या मारत आडवा आला. मले देवाजीचे दोनी पाय दिसून राहिले होते. डावा हालला. गाडीनं झटका खाल्ला. अन् मंग उजवा गेला, चिंधीवाला, पुरा खालपर्यंत. मागचं चाक घसरलं, माती उडाली, गाडी तिरपी झाली, अन् देवाजीनं डावा पाय जमिनीवर टेकवला. गाडी बंद पडली. पण उभी राहिली. टायर तिच्या समोरून गेला अन् कुंपणापाशी पडला.

सुभद्रा भिंतीपाशी खाली बसली होती.

साहेब गाडीपाशी गेले. म्हणाले, "बर्फ किती वाजता येतो?"

देवाजी दम खात म्हणे, "साडेआठले साहेब."

"मग इथं काय करताय? आठ पस्तीस झाले. खाप्याचे लोक बसले असतील. आणि पंधरा दिवस रोज संध्याकाळी इथंच, ह्या मैदानात. टायर शिपायाकडे मागून घ्या."

देवाजी थर्मास आणाले हापिसात पळाला. साहेब गेले. सारे पांगले. राजदूत मैदानाच्या मधात स्टँडवर उभी होती अन् मी तिच्या बाजूले. भैयाजी ग्लास संपवत आला. त्यानं सीटवर थाप मारली अन् म्हणे, "नत्थूभाऊ, गुरुजी, देवाजी येतवर एक चक्कर तुम्हीबी मारून दाखवा ना."

मी म्हटलं, "नाही बा. मी पडतो हिच्यावरून."

"मस्करी करता काय!"

"मस्करी नाही. कालच पडलो. गटारात."